सांतो निन्योचे बूट

शेजारधर्म

माझा मावसभाऊ पंचवीस वर्षं मालवाहू बोटींवर होता, इंजिन रूममध्ये. सुट्टीवर आला की बंदरांपेक्षा बोटीवरच्या माणसांबद्दल जास्त बोलायचा. त्या माणसांत फिलिपिनो भरपूर, त्यामुळे गोष्टीही त्यांच्याच. त्यातली गॅलीतल्या देवाची गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. चीफ कुकनं शेगडीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या आणि मिरपुडीच्या डब्यांशेजारी, वीतभर उंचीचा बाळ येशू ठेवला होता. लाल मखमली झगा, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वीचा गोल. फळीच्या कडेला तो तारेनं बांधलेला. मावसभाऊ म्हणाला, "अरे, बोट हलली तर पडेल म्हणून देवाला बांधलंस होय?" कुक म्हणाला, "पडायचं काही नाही. हा रात्री फिरायला जातो."

हा सांतो निन्यो, फिलिपिन्सचा सर्वांत लाडका देव. मूळ मूर्ती सेबू शहरातल्या बॅसिलिकात आहे. तिथले लोक सांगतात, की हा बाळ रात्री देवळातून गुपचूप सटकतो, गल्लीबोळ हिंडतो, आजाऱ्यापाजाऱ्यांना भेटतो. पहाटे परत येतो तेव्हा झग्याला कुसळं चिकटलेली असतात आणि बूट झिजलेले असतात. म्हणून भाविक त्याला नवे बूट वाहतात. आपण बाळकृष्णाला लोणी देतो, ते ह्याला पादत्राणं देतात. ज्याची जशी खोडी, तसा नैवेद्य.

या मूर्तीची कागदोपत्री हकीगतही कमी मजेची नाही. १५२१ साली मॅगेलनची जहाजं सेबूला लागली. १४ एप्रिलला तिथला राजा हुमाबोन याचा बाप्तिस्मा झाला आणि राणीला ही मूर्ती भेट मिळाली. मोहिमेबरोबर आलेल्या पिगाफेत्ता नावाच्या इटालियन गृहस्थानं हे सगळं लिहून ठेवलं आहे. पुढे तेरा दिवसांतच शेजारच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी मॅगेलनला कापला. उरलेल्यांनी थोड्याच दिवसांत शिडं उभारून काढता पाय घेतला. त्यानंतर स्पॅनिश सेबूत पाय रोवायला आले ते १५६५ साली, लेगास्पीबरोबर. गावाला आग लागली आणि २८ एप्रिलला एका शिपायाला एका घरात पेटीत ठेवलेली मूर्ती सापडली. स्पॅनिशांनी गुडघे टेकले, चमत्कार म्हणाले. सेबूच्या लोकांची आख्यायिका अधिक बोलकी आहे. पाऊस लांबला की मूर्तीला समुद्रात बुडवायचं आणि पडेपर्यंत सोडायचं नाही, असा त्यांचा रिवाज होता म्हणे. देव पाण्यात ठेवणं ही काही एकट्या मराठी माणसाची मक्तेदारी नाही.

मला या मधल्या ४४ वर्षांचं कुतूहल आहे. घरात देव आहे आणि गावात पाद्री नाही. फिलिपिनो माणूस कॅथलिक कसा झाला याचं उत्तर 'स्पेननं तलवारीच्या जोरावर केला' असं एका वाक्यात देऊन आपण मोकळे होतो. तलवार होतीच, नाही कशाला म्हणू? पण धर्म आणणाऱ्याच्या मुठीत तो किती राहिला, हे पाहायचं तर या पेटीतल्या मूर्तीपासून सुरुवात करावी लागते. तेव्हापासून त्या लोकांचं देवाशी जुळलेलं आहे. खटका उडतो तो पाद्र्याशी, आणि आज पाच शतकांनंतरही उडतोच आहे.

स्पेनची माणसं त्या बेटांवर थोडी. मनिलाची तटबंदी सोडली की पुष्कळ गावांत गोरा माणूस म्हणजे एकच, मठातून आलेला फ्रायर. विखुरलेल्या वस्त्या उठवून चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरात वसवायच्या, अशी पद्धत होती. घंटेच्या टप्प्यातला तो रयत आणि टप्प्याबाहेर डोंगरात गेलेला तो रानटी. कर, वेठ, लग्न, मयत, सगळ्याच्या नोंदी फ्रायरच्या वहीत. आपल्याकडे कुलकर्णी, पाटील आणि ग्रामजोशी एकाच अंगरख्यात शिरले असते तर जे झालं असतं, ते तिथं तीन शतकं चाललं.

पण या फ्रायर लोकांनी एक गोष्ट केली, जिचा परिणाम त्यांच्या हिशेबात नव्हता. ते लोकांची भाषा शिकले. १५९३ साली मनिलात 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' छापलं गेलं, स्पॅनिश आणि टागालोग अशा दोन्ही भाषांत. टागालोग मजकूर रोमन लिपीत आणि तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतही. देवाला टागालोगमध्ये 'बाथाला' हा शब्द होता. तो संस्कृत 'भट्टार'वरून तिकडे गेला असं अभ्यासक मानतात. पाद्र्यांनी तो बाजूला ठेवून 'दिओस' हाच शब्द रुजवला, कारण जुन्या शब्दाबरोबर जुना देवही आत येईल ही भीती. इथं राचोलच्या फादर स्टीफन्सची आठवण येणं अपरिहार्य आहे. १६१६ साली त्यांनी 'क्रिस्तपुराण' छापलं, सुमारे ११ हजार मराठी ओव्या, आणि स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. अर्थात पुढे गोव्यात वारं फिरलं. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. मनिलात उलटं घडलं. राजाचे हुकूम येत, की रयतेला स्पॅनिश शिकवा. फ्रायर चालढकल करत. माणूस स्पॅनिश शिकला तर थेट गव्हर्नरशी बोलेल, मग मधल्या दुभाषाला कोण विचारणार? स्वार्थ होता, पण त्या स्वार्थापायी लोकांची प्रार्थना लोकांच्या भाषेत राहिली.

त्या भाषेतून 'पास्योन' आलं. येशूच्या यातनांचं हे दीर्घ काव्य, पाच ओळींचं कडवं, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गास्पार आकिनो दे बेलेन यानं पहिलं टागालोग पास्योन रचलं. हा जेझुइटांच्या छापखान्यात काम करणारा साधा प्रापंचिक माणूस, पाद्री नव्हे. लोकांच्या तोंडी बसलं ते पुढचं, १८१४ चं. पवित्र सप्ताहात हे सबंध पुस्तक गाऊन वाचायचं, त्याला 'पाबासा' म्हणतात. 'बासा' म्हणजे वाचणं, आणि हा शब्द मलायच्या वाटेनं आपल्या 'वाचा'पर्यंत पोचतो. एखाद्या घरानं नवस बोललेला असतो. अंगणात ताडपत्रीचा मांडव, एका टोकाला फुलांनी सजवलेली वेदी, समोर लांब टेबल आणि त्यावर हाताळून हाताळून कोपरे गोल झालेली पुस्तकं. दोन बाजूंना दोन गट, एकानं एक कडवं गायचं, दुसऱ्यानं पुढचं. गाणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका अधिक. दिवसरात्र खंड पडू द्यायचा नाही. घसा बसला की दुसरी उठून जागा घेते, पहिली मागे जाऊन आल्याचा गरम काढा आणि भाताची पेज घेते. माइक लावलेला असतो, त्यामुळे सगळ्या आळीला झोप नसते. तरुण पोरं मध्येच एखाद्या सिनेगीताच्या चालीवर कडवं घेतात, म्हाताऱ्या डोळे वटारतात आणि सूर मात्र धरतात. ज्यानं गावातला हरिनाम सप्ताह पाहिला आहे त्याला या मांडवात काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि या सगळ्यात पाद्री लागत नाही. मांडव घरमालकाचा, पोथी आजीची.

आता ही पोथी वर्षानुवर्षं गाणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काय दिसत असेल? सुताराचा पोरगा, बरोबर कोळी आणि असेच फाटके लोक, समोर शास्त्री-परुशी आणि परकीय सुभेदार. रेनाल्दो इलेतो या इतिहासकारानं १९७९ साली 'पास्योन अँड रेव्होल्यूशन' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. निमूट सोसायला शिकवण्यासाठी दिलेल्या कथेतून लोकांनी बंडाची भाषा उचलली.

एर्मानो पुले, म्हणजे पुलेबंधू, हे त्याचं सर्वांत कळवळून सांगण्यासारखं उदाहरण. खरं नाव आपोलिनारियो दे ला क्रूझ. लुकबान गावचा हा तरुण मठात शिरायला मनिलाला गेला. 'इंडिओ', म्हणजे देशी, म्हणून दार लागलं. इस्पितळात सेवेकरी म्हणून राहू दिलं, एवढंच. (त्याच्या कितीतरी आधी आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया याच शहरात आला होता. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही, मनिलाच्या फ्रान्सिस्कनांनी घेतलं, पण ब्रदर म्हणून. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत तो होता. आज गास गावच्या चर्चला त्याचं नाव आहे.) पुलेनं मग १८३२ साली स्वतःची बंधुसभा काढली. महिन्यातून एकदा जमायचं, प्रार्थना, भजन, जेवण. चर्चकडे मान्यतेचा अर्ज केला, फेटाळला गेला. पुलेची सभा फक्त देशी लोकांची, स्पॅनिशाला आणि मिश्र रक्ताच्याला त्याच्या परवानगीवाचून प्रवेश नाही. ज्या मापानं त्याला मोजलं तेच त्यानं उलटं लावलं. १८४१ च्या नोव्हेंबरात फौज आली, शेकडो माणसं मेली आणि पुलेला तायाबास गावी ठार करून त्याचं शीर लोकांना दिसेल असं टांगलं. काय मागितलं होतं त्यानं? रोझरी म्हणण्याची परवानगी.

पुढचं शाळेच्या पुस्तकात सापडतं, म्हणून भराभर सांगतो. १८७२ साली गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना बंडात सामील ठरवून मनिलात जाहीर फाशी दिली, मानेभोवतीचा लोखंडी फास पिळून. त्यांचा खरा गुन्हा असा, की गावची चर्चं देशी पाद्र्यांकडे द्या म्हणत होते. होसे रिझालनं १८९१ ची आपली दुसरी कादंबरी याच तिघांना अर्पण केली आणि १८९६ साली तोही त्याच मैदानावर गोळ्या खाऊन पडला. १९०२ साली पोपशी नातं तोडून स्वतंत्र फिलिपिनो चर्च निघालं, आग्लिपाय हे पाद्री त्याचे प्रमुख झाले. ते चर्च आजही आहे, पण बहुतेक लोक त्यात गेले नाहीत. रोम सोडायचं नव्हतं त्यांना, फ्रायर नको होता.

२०२० च्या जनगणनेत देशातले ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक निघाले. हा आकडा चर्चमधल्या बाकांवरून कळत नाही, कियापोला कळतो. मनिलातल्या या चर्चमध्ये क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची काळसर मूर्ती आहे, गॅलिअन जहाजातून मेक्सिकोहून आलेली. ९ जानेवारीला ती गाड्यावरून निघते. लाखो माणसं, पुष्कळसे अनवाणी पुरुष, मरून रंगाचे शर्ट. गाड्याचा जाडजूड दोर एकदा तरी हाताला लागावा म्हणून एकमेकांच्या खांद्यांवरून अक्षरशः पोहत जातात. ज्यांना पोचता येत नाही ते टॉवेल फेकतात. गाड्यावरचे सेवेकरी तो मूर्तीला पुसून परत भिरकावतात. मिरवणुकीला कधी कधी २० तासांच्या वर लागले आहेत. आणि चर्चच्या बाहेर पडलं की चौकात पत्ते मांडून बसलेल्या ज्योतिषिणी, जडीबुटी, रंगीत मेणबत्त्या (लाल प्रेमासाठी, हिरवी पैशासाठी) आणि लॅटिन अक्षरं कोरलेले पितळी ताईत. आत प्रवचनात याच ताइतांवर टीका होते. ऐकणारे मान डोलावतात आणि बाहेर येऊन भाव करतात.

राजकारणातही हाच हिशेब. १९८६ च्या फेब्रुवारीत कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून हाक दिली, लोक एद्सा रस्त्यावर उतरले, नन्स जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे बसल्या, चार दिवसांत हुकूमशहा मार्कोस पळाला. त्यावरून बिशपमंडळींना वाटू लागलं असावं, की आपण म्हणू ते होईल. २०१२ साली त्यांनी जिवाचं रान करूनही कुटुंबनियोजनाचा कायदा झालाच. पुढच्या वर्षी बाकोलोदच्या कॅथेड्रलवर भलामोठा फलक लागला. त्यावर कायद्याला विरोध करणारे उमेदवार 'बुहाय', म्हणजे जीवन, गटात आणि पाठिंबा देणारे 'पाताय', म्हणजे मृत्यू, गटात. मृत्यूच्या यादीतले कित्येक जण निवडून आले. २०१५ साली दुतेर्ते यांनी पोप फ्रान्सिस यांच्या भेटीमुळे रस्ता तुंबला म्हणून पोपनाच शिवी हासडली, आणि पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. मत देणारी माणसं तीच होती, ज्यांतली कित्येक जण पोपना बघायला लुनेता मैदानावर पावसात भिजली होती. परदेशी पत्रकार याला दुटप्पीपणा म्हणतात. पंढरपूरच्या बडव्यांना शिव्या घालत वारी करणाऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तसं वाटत नाही. घटस्फोट मात्र मुस्लिमेतरांना अजून मिळत नाही. २०२४ साली कनिष्ठ सभागृहानं मंजूर केलेलं विधेयक सिनेटमध्ये अडकलं. तेवढ्या एका दारावर चर्चचा पाय अजून घट्ट आहे, आणि त्याची किंमत नवऱ्यानं टाकलेल्या बायका देतात. यात मला काहीही गोड दिसत नाही.

मावसभावानं कुकला एकदा विचारलं होतं, गावी गेल्यावर चर्चला जातोस का? कुक म्हणाला, "नाताळात आणि सासू असली तर." बोट सिंगापूरला लागली की मात्र तो खेळण्यांच्या दुकानात हटकून जायचा. बाहुल्यांचे बूट घ्यायला, अंगठ्याच्या पेराएवढे. एकदा मावसभाऊ बरोबर होता. कुकनं दोन जोड घेतले. एक पुरे की, असं हा म्हणाला, तेव्हा कुकनं पुढच्या फेरीचा मार्ग सांगितला. ब्राझीलपर्यंत जायचं होतं.

— तांडेल