नाशिककरहो, माळे धुंडाळा!

1915 साली नाशिकमध्ये आगकाड्या चालू लागल्या. दोरा नाही, हात नाही. पडद्यावर काड्या आपल्या आपण सरकत होत्या, रांग धरत होत्या, आकार घेत होत्या. करणारे होते दादासाहेब फाळके आणि चित्रपटाचं नाव होतं ‘आगकाड्यांची मौज’. भारतीय अॅनिमेशनचा इतिहास लिहिणारे पहिलं पान या छोट्याशा चित्रपटाला देतात. ते पान मुंबईचं नाही, कोलकात्याचं नाही, चेन्नईचं नाही. ते आपल्या गावाचं आहे. आणि तो चित्रपट आज हरवलेला आहे.

मी कार्टूनचा वेडा माणूस आहे आणि या गावात माझ्यासारखे हजारो आहेत. जपानी मालिकांच्या दिग्दर्शकांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात, डिस्नेच्या कोणत्या चित्रपटात कोणतं तंत्र पहिल्यांदा आलं यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. त्या सगळ्यांना हा लेख उद्देशून आहे. ज्यांच्या घरात जुना माळा आहे, पण कार्टूनशी काही देणंघेणं नाही, त्यांना तर त्याहून अधिक.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 30 एप्रिल 1870 चा. चित्रकला, फोटोग्राफी, शिळाछपाई असं सगळं त्यांनी हाताखालून घातलं होतं. ते जादूचे प्रयोगही करत. आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव त्यांनी घेतलं होतं. ही जादूगाराची बाजू विसरून त्यांच्याकडे पाहता येणार नाही. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी आधी काय चित्रित केलं? कुंडीतलं एक बी. थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत ते कित्येक दिवस कॅमेऱ्यामागे राहिले आणि ‘अंकुराची वाढ’ तयार झाली. काही आठवड्यांची वाढ पडद्यावर क्षणभरात झालेली पाहिली, तेव्हा कुठे भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात हा प्रसंग आहे, म्हणून तो निदान आपल्या डोळ्यांसमोर तरी आहे. आगकाड्यांना ते भाग्यही मिळालेलं नाही.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. 1914 मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, पण तेवढ्यात महायुद्ध पेटलं. परतल्यावर पाहतात तर परदेशातून येणारी कोरी फिल्म दुर्मीळ झालेली, पैसा आटलेला आणि पदरी कारखान्याची माणसं. मोठा पौराणिक चित्रपट उभा करणं अवघड होतं. अशा दिवसांत या माणसाने आगकाड्यांची पेटी उघडली. मला या गोष्टीचं सर्वांत जास्त मोल वाटतं. मूकपटाच्या काळात पडद्यावर एका सेकंदाला साधारण 16 चौकटी धावत. म्हणजे एक मिनिटाची मौज दाखवायची तर काड्या जवळजवळ हजार वेळा मांडायच्या, प्रत्येक वेळी केसभर सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा आणि एकच चौकट टिपायची. एखादी काडी चुकून कलंडली की मागचं सगळं वाया. फ्रान्समध्ये एमिल कोलने 1908 मध्ये आगकाड्यांचा असा खेळ केला होता. नाशिकमध्ये मात्र हा खेळ जवळपास एकट्याच्या जिद्दीवर झाला. त्या कारखान्यात फिल्मला कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या, हे विसरू नये. नाण्यांना नाचवणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ही फाळक्यांचाच.

हे सारं गेलं कुठे? त्या काळची 35 मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ आपला आपण कुजतो. आधी चित्र फिकटतं, मग फिल्म चिकट होते, तिला फेस येतो, थर एकमेकांना धरून बसतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. तो पेटला तर स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवतो, म्हणून पाण्याखालीही जळत राहतो. जे रीळ आगीतून आणि उन्हातून वाचलं ते भंगारात गेलं, कारण फिल्मवरच्या थरातून चांदी निघते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट झाले. आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास उरले आहेत.

तरी उरले, हेही खरं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर या माणसाने गावोगाव फिरून, लोकांच्या घरांतून आणि अडगळीतून रिळं गोळा केली. फाळके कुटुंबीयांपर्यंत ते पोचले. 1919 चा ‘कालियामर्दन’, ज्यात दादासाहेबांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, आज आपण पाहू शकतो तो अशा जपून ठेवलेल्या तुकड्यांमुळे. डबा वेळेवर उघडला गेला नसता, तर मंदाकिनीचं ते हसू आज कुणालाच दिसलं नसतं.

“शंभर वर्षांनंतर आता काय सापडणार?” असं कुणी म्हणेल. जपानमध्येही असंच म्हणत होते. 1917 चा तिथला ‘नामाकुरा गाताना’ हा छोटा व्यंगचित्रपट कायमचा गेला असं मानलं जाई. त्याची प्रत ओसाकाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका संशोधकाच्या हाती लागली आणि 2008 मध्ये ती जगासमोर आली. आज तो जपानच्या सर्वांत जुन्या उपलब्ध अॅनिमेशनपटांपैकी एक मानला जातो. डिस्नेच्या ओस्वाल्ड सशाचा 1928 चा एक हरवलेला चित्रपटही जपानमध्येच मिळाला. एका अॅनिमेशनप्रेमीने तरुणपणी तो घरी पाहायचं खेळणं म्हणून विकत घेतला होता आणि सत्तर वर्षं सांभाळून ठेवला होता. सरकार नाही, स्टुडिओ नाही. एका चाहत्याचं कपाट.

आपल्याकडेही रिळांचे तुकडे घरोघर पोचले होते. तंबूतल्या सिनेमाचे मालक, जत्रेतले बायस्कोपवाले, हाताने फिरवायचं खेळण्यातलं यंत्र घेऊन बसणारी मुलं, कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या विकणारे फेरीवाले. 1918 मध्ये उभी राहिलेली हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी नाशिकमध्येच होती. तिथे सुतार, रंगारी, शिंपी, नट म्हणून राबलेल्यांची घरं याच गावात होती. त्यांच्या नातवंडांच्या घरी एखादा पत्र्याचा गोल डबा, पगाराची वही, कंपनीच्या नावाचा कागद, जाहिरातीचं पत्रक, वेशभूषेतला फोटो का नसेल?

आणि घाई आहे. जुन्या नाशकातले वाडे दर पावसाळ्यात खचतात, काही पाडून इमारती उभ्या राहतात. 1969, 2008, 2016 च्या गोदावरीच्या पुरांनी घाटाजवळच्या घरांतलं किती काही नेलं. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गावात आवराआवर वाढेल, खोल्या रिकाम्या होतील. वाडा उतरवताना माळ्यावरचा माल न पाहता भंगारवाल्याला दिला जातो. तेवढं थांबवा. सामान उतरवायच्या आदल्या दिवशी एकदा बॅटरी घेऊन वर चढा.

गोल डबा मिळाला तर मोकळ्या हवेत, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब उघडा. फिल्म दीड इंचाला थोडी कमी रुंद असेल तर ती नायट्रेटची समजूनच वागा. खराब झालेली नायट्रेट फिल्म सुमारे 40 अंशांवरही पेट घेऊ शकते आणि आपल्या एप्रिलमध्ये पत्र्याखालचा माळा तेवढा तापतोच. म्हणून ती खालच्या, थंड, अंधाऱ्या खोलीत आणा, पण प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका. यंत्रावर चढवून पाहू नका. चिकटलेले थर ओढू नका. डब्यावरचं नाव, चिठ्ठी, आकडा यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि डबा कुरियरने न पाठवता आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती बहुधा नंतरच्या काळची, सहज न पेटणारी फिल्म असते. तीही टाकू नका. प्रभातच्या 1930 च्या दशकातल्या ‘जंबू काका’सारख्या मराठी कार्टूनचा तुकडासुद्धा सोन्यासारखा आहे. मूळ रीळ मिळालं तर त्याची डिजिटल प्रत करून दोन-तीन ठिकाणी ठेवण्याचा आग्रह धरा. 8 जानेवारी 2003 ला पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली, तेव्हा प्रत नसण्याची किंमत आपण मोजलेली आहे.

संस्थांकडेही मागणं आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून या गावाचे कागद सांभाळत आलं आहे. फाळके आणि हिंदुस्तान कंपनीचे कागद लोकांनी आणून द्यावेत, स्कॅन करून मूळ प्रत परत न्यावी, अशी मोहीम त्याने हाती घ्यावी. पांडवलेणीच्या पायथ्याशी महापालिकेने फाळके स्मारक उभारलं आहे. तिथे एक खोली फक्त अॅनिमेशनची करा: एक टेबल, एक दिवा, वरून खाली बघणारा एक कॅमेरा आणि काड्यांची पेटी. शाळांच्या सहली येतातच. प्रत्येक मुलाने दहा सेकंदांची मौज तिथे स्वतः करावी आणि घरी जाऊन आजीला विचारावं, आपल्या माळ्यावर गोल डबा आहे का? विजया मुळे यांचा 1974 चा ‘एक अनेक और एकता’ हा अॅनिमेशनपट आज पन्नाशीतल्या माणसालाही आठवतो, कारण दूरदर्शनने तो पुन्हा पुन्हा दाखवला. दाखवलं ते टिकलं.

चाहत्यांनो, तुमच्यासाठी वेगळं काम आहे. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात भंगाराचे ढीग पालथे घाला. जुन्या तंबू सिनेमावाल्यांच्या, थिएटरमधल्या ऑपरेटरांच्या घरी जा आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. सत्तरी-ऐंशीतली ही माणसं आता थोडीच राहिली आहेत. मिळालेल्या वस्तूची पावती द्या, मालकाचं नाव आणि ती कुठून आली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. येत्या रविवारी आपापल्या माळ्यापासून सुरुवात करू. मग शेजारच्यांना विचारू.