स्टुडिओ घरात आला, मालकी कधी येणार?

"आता काय, मोबाईलवर कोणीही गाणं बनवतो," असं नाक मुरडून बोलणारे बरेच भेटतात. हो, बनवतो! कालपर्यंत तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा लागे आणि कोणतं गाणं बाजारात येईल हे कॅसेट कंपनीचा मालक ठरवी. आज ऑडॅसिटी फुकट आहे, बँडलॅब मोबाईलवर फुकट चालतं. भिंतीला गोधडी टांगली की आवाज घुमणं कमी होतं. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भीमगीत तयार होतं. ज्यांची मक्तेदारी मोडली, त्यांनाच दर्जाची चिंता सतावते!

पण मित्रांनो, यंत्र स्वस्त झालं म्हणून शोषण संपत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी घराघरांत पोहोचली, वामनदादा मात्र हलाखीतच जगले. तेच पुन्हा घडतंय. आपला पोरगा रात्रभर जागून गाणं करतो, चार पैसे घेऊन फाईल चॅनेलवाल्याला पाठवतो. व्ह्यूज त्याचे, जाहिरातीचा पैसा त्याचा, गीतकाराचं नावसुद्धा नाही.

कायदा काय म्हणतो? 2012 च्या दुरुस्तीनंतर, कॉपीराइट विकला तरी ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. हे किती जणांना माहीत आहे?

म्हणून गाण्याआधी करार वाचा. शाहिराचं नाव लिहा. चॅनेल स्वतःचं काढा. माईक हातात आला. आता हिशोबाची वहीही हातात घ्या.

जयभीम!