भूमिका कोणाची, रोजगार कोणाचा?

इजिप्तची राणी क्लिओपात्रा गोरी होती की काळी, या प्रश्नावरून २०२३ साली बराच गदारोळ माजला. नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीच्या मालिकेत राणीची भूमिका अॅडेल जेम्स या कृष्णवर्णीय वारसा असलेल्या ब्रिटिश नटीला देण्यात आली. त्यावर राणीचा वर्ण उजळ आणि चेहरेपट्टी ग्रीक होती, असे निवेदन इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने काढले. एक वकील तर या मालिकेविरुद्ध तक्रार घेऊन सरकारी दरबारी गेला. साठ वर्षांपूर्वी, १९६३ साली, हीच भूमिका एलिझाबेथ टेलर या नटीने केली होती. तेव्हा गाजला तो तिच्या दहा लाख डॉलरच्या कराराचा आकडा.

क्लिओपात्राचे टॉलेमी घराणे मॅसिडोनियाहून आलेले. सुमारे तीनशे वर्षे त्याने इजिप्तवर राज्य केले, पण त्यातील आधीच्या राजांनी प्रजेची भाषा शिकण्याची तसदी घेतली नाही. क्लिओपात्राने ती शिकली, असे प्लुटार्क सांगतो. तेलबियांच्या पेरणीपासून तेलाच्या विक्रीपर्यंतचा सारा व्यवहार या राजांनी आपल्या मक्तेदारीत ठेवला होता. नाईलकाठच्या ज्या शेतकऱ्याच्या धान्यावर आणि तेलावर हा राजवैभवाचा थाट उभा होता, त्याच्या रंगाची चौकशी करायला मात्र या वादात कोणी पुढे आले नाही.

असे असले तरी हा सारा वादच पोकळ म्हणून झटकून टाकणे समाजवाद्यांना परवडणारे नाही. मूळ प्रश्न भाकरीचा, बाकीचे सारे वरवरचे, असे म्हणून मोकळे होण्याची एक जुनी सवय आपल्या चळवळीत आहे. जातीच्या प्रश्नावर या सवयीची किंमत चळवळीने पुरेपूर मोजली आहे. ऐतिहासिक व्यक्तीची भूमिका कोणाला मिळते हा प्रश्न प्रतिष्ठेचा तर आहेच; पण तो रोजगाराचाही आहे, आणि या दुसऱ्या अंगाकडे फारसे कोणी पाहत नाही.

१९५६ साली निघालेल्या 'द कॉन्करर' या अमेरिकी चित्रपटात चंगीझखानाची भूमिका जॉन वेन या नटाने केली. घोड्यावर बसून बंदूक चालवणाऱ्या गोऱ्या गुराख्याच्या भूमिकांसाठी तो प्रसिद्ध होता. चित्रीकरण युटा राज्यात झाले आणि मंगोल सैन्याच्या गर्दीसाठी तेथील पायूट आदिवासींना रोजंदारीवर घेण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावली, ते एका गोऱ्या नटाच्या मागे मंगोल घोडेस्वार म्हणून दौडत होते. दहा वर्षांनी आलेल्या 'खार्टूम'मध्ये सुदानच्या महदीची भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिए या थोर ब्रिटिश नटाने चेहऱ्याला काळा रंग फासून केली. महदी हा इंग्रजांच्या आणि त्यांच्या आश्रित इजिप्तच्या सत्तेविरुद्ध उठलेला नेता; १८८५ च्या जानेवारीत त्याच्या फौजेने खार्टूम जिंकले आणि जनरल गॉर्डन मारला गेला. प्रत्यक्षात या दोघांची कधीही भेट झाली नव्हती. चित्रपटात ती दोनदा होते. साम्राज्याच्या वैऱ्यालाही साम्राज्याच्याच नटाचा चेहरा घेऊन पडद्यावर यावे लागले.

या प्रथेच्या मागे केवळ दिग्दर्शकांची आवडनिवड नव्हती. १९३४ पासून हॉलीवुडमध्ये कडकपणे अमलात आलेल्या आचारसंहितेने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचे संबंध दाखवण्यास बंदी घातली होती. व्यवहारात कंपन्या तोच निर्बंध आशियाई नटनट्यांनाही लावीत. नायकाचे काम रंगवलेल्या गोऱ्या नटाकडे गेले की नायिकाही गोरीच हवी. पर्ल बक यांच्या कादंबरीवरील 'द गुड अर्थ' या १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याच्या पत्नीचे काम अॅना मे वाँग या चिनी वंशाच्या नावाजलेल्या नटीला मिळू शकले नाही ते याच कारणाने. ते ज्या गोऱ्या नटीने केले, तिला त्याबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. ही कथा काल्पनिक असली तरी नियम सर्वत्र तोच होता, ऐतिहासिक चित्रपटांतही.

पुढे ती आचारसंहिता गेली, पण तिचे काम आता दुसरीच शक्ती करते. २०१४ साली रिडली स्कॉट या दिग्दर्शकाने मोझेसवरील चित्रपटात बहुतेक प्रमुख भूमिका गोऱ्या नटांना दिल्या. मोझेसला ऐतिहासिक म्हणावे की पौराणिक, हा वाद येथे बाजूला ठेवू. टीका झाली तेव्हा त्याने दिलेले उत्तर विलक्षण प्रांजळ होते. एवढ्या खर्चाचा चित्रपट आपण स्पेनमधील करसवलतींच्या आधारावर काढतो. प्रमुख नट अमुक देशातला कोणी मोहम्मद आहे असे सांगितले तर त्याला कोणी पैसाच देणार नाही, असा त्याचा आशय. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, नामांकित नटाचा चेहरा हे कर्जासाठी ठेवलेले तारण आहे. सावकार कोणता दागिना स्वीकारील आणि कोणता परत करील, हे कलेच्या कसोटीवर ठरत नाही. आणि हे सारे चालले होते स्पेनच्या करदात्यांनी सोडलेल्या पैशावर, हेही त्या एका उत्तरातच कबूल झाले होते.

आपल्याशी थेट संबंध असलेले उदाहरण अॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाचे. त्याला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याच्या भांडवलात भारत सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा मोठा वाटा होता, आणि परदेशी दिग्दर्शकाला सार्वजनिक पैसा देण्यास भारतीय चित्रपटकारांनीच आक्षेप घेतला होता. गांधींची भूमिका बेन किंग्जले यांनी केली. परदेशी नट म्हणून त्यांच्याविषयी नाके मुरडली गेली. पण या नटाचे जन्मनाव कृष्ण पंडित भानजी, वडील गुजराती वंशाचे डॉक्टर. परके नाव कामाच्या आड येईल म्हणून त्यांनी ते बदलले आणि नाव बदलताच कामे मिळू लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे एका गुजराती वंशाच्या मुलाला आपले नाव टाकून दिल्यावर विलायतेच्या रंगभूमीचा दरवाजा उघडला, आणि त्या दरवाजातून तो गुजरातच्या सर्वांत थोर पुत्राच्या भूमिकेपर्यंत पोहोचला. त्याचे काम उत्तम झाले, यात शंका नाही. कस्तुरबांच्या भूमिकेतील रोहिणी हट्टंगडी यांच्या कामाचाही ब्रिटिश अकादमीने सन्मान केला, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या रूपाने भारताला पहिले ऑस्कर मिळाले. यांपैकी कोणाच्याही गुणवत्तेविषयी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसरीच. गांधींच्या अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. त्यासाठी तीन लाखांच्या आसपास माणसे जमली होती आणि त्यांतील सुमारे दोन लाख विनामोबदला आली होती. उरलेल्यांच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवण्यात आली. गांधींवरील श्रद्धेपोटी लोक आले, हे खरे. परंतु श्रद्धेचे हे श्रम ज्या मालाच्या उत्पादनात खर्ची पडले, तो माल पुढे जगभर विकला गेला. शिवाय तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसाठी एकही प्रसंग नाही. गांधी कोण करणार, यावर वर्षानुवर्षे खल झाला. आंबेडकर कोण करणार हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण भूमिकाच लिहिली गेली नव्हती. पात्रयोजनेतला भेदभाव नट निवडण्याच्या कितीतरी आधी, कथा लिहिणाऱ्याच्या टेबलावर सुरू होतो.

दक्षिण आफ्रिकेतील प्रकरणाने तर रंगाच्या चर्चेची मर्यादाच दाखवून दिली. विनी मंडेला यांच्या जीवनावरील २०११ च्या चित्रपटासाठी जेनिफर हडसन या अमेरिकी कृष्णवर्णीय नटीची निवड झाली. येथे रंगाचा प्रश्न नव्हता. तरीही त्या देशातील कलावंतांच्या कामगार संघटनेने, क्रिएटिव्ह वर्कर्स युनियनने, निषेध केला. आमच्या संघर्षाची कथा, पण प्रमुख भूमिका बाहेरून आणलेल्यांना, मग आमच्या कलावंतांनी करायचे काय, असा तिचा सवाल होता. पण या युक्तिवादात एक धोका दडलेला आहे, आणि महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला तो सांगायला नको. भूमिपुत्रांच्या हक्काच्या नावाखाली मुंबईत दाक्षिणात्य कारकुनांवर आणि नंतर उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर हात उगारला गेला तो याच भाषेत. दक्षिण आफ्रिकेतही २००८ साली शेजारी देशांतून आलेल्या गरीब मजुरांवर हल्ले झाले. संघटनेचा आक्षेप त्या जातीचा नव्हता, कारण तिचा रोख गरीब स्थलांतरितावर नसून आयात केलेल्या नावावर पैसा लावणाऱ्या निर्मात्यावर होता. हा फरक बारीक आहे, तो नीट राखला नाही तर पुसला जातो.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील 'हॅमिल्टन' हे संगीतक आहे. ते २०१५ साली रंगभूमीवर आले आणि २०२० साली त्याचे चित्रित रूप प्रसिद्ध झाले. जॉर्ज वॉशिंग्टन, जेफर्सन आदी राष्ट्रनिर्मात्यांच्या भूमिका त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या कलावंतांनी केल्या. कितीतरी गुणी कलावंतांना काम मिळाले, हा लाभ लहान नाही. पण हे दोघेही महापुरुष गुलामांचे मालक होते आणि ते गुलाम रंगमंचावर जवळजवळ दिसतच नाहीत. गुलामाच्या वंशजाने मालकाचा अंगरखा चढवला आणि गुलाम विंगेतच राहिला, याबद्दल इश्माएल रीड या ज्येष्ठ कृष्णवर्णीय लेखकाने २०१९ साली एक नाटक लिहूनच जाब विचारला.

भारतातील स्थिती काय आहे? येथे हॉलीवुडकडे बोट दाखवण्याचा उत्साह दांडगा. पण २०१४ साली मणिपूरच्या कोम जमातीतील मुष्टियोद्धी मेरी कोम यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका प्रियांका चोप्रा यांना मिळाली. पुढे २०२२ साली त्यांनी स्वतःच मान्य केले की ती ईशान्य भारतातील कोणाला मिळायला हवी होती. ही कबुली प्रामाणिक आहे, परंतु दोष एकट्या नटीच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्त्रीचे आयुष्य विकत घेताना भांडवलाने तिचा चेहरा मात्र विकत घेतला नाही, कारण त्याच्या हिशेबात त्या चेहऱ्याला बाजार नव्हता. मणिपुरात योग्य नटी नसेल, हा बचाव तर हास्यास्पद आहे. कन्हाईलाल आणि सावित्री हैस्नाम यांचे कलाक्षेत्र १९६९ पासून आणि रतन थियाम यांची कोरस रेपर्टरी १९७६ पासून त्या भूमीत उभी आहे. भारतीय रंगभूमीवरील अभिनयाचे काही सर्वोच्च नमुने तेथे घडले.

मग जन्माने त्याच समाजातील असेल त्यानेच भूमिका करावी, असा नियम करायचा काय? तसे केले तर डॉ. जब्बार पटेल यांच्या बाबासाहेबांवरील चित्रपटातील मामुट्टींचे काम बाद ठरवावे लागेल. केरळातील एका मुस्लिम नटाने बाबासाहेब उभे केले, राष्ट्रीय पारितोषिक मिळवले, आणि आंबेडकरी वस्त्यांतून ते काम आपुलकीने पाहिले जाते. आसामच्या सीमा विश्वास यांनी चंबळच्या फूलनदेवीची भूमिका केली. दुसऱ्याच्या देहात शिरणे हा अभिनयाचा धर्मच आहे, आणि ज्याला तो मान्य नाही त्याने नाटक पाहू नये. प्रश्न आहे तो वाहतूक एकाच दिशेने का चालते हा. मुंबईची तारका मणिपुरी होऊ शकते. मणिपूरच्या नटीला मात्र झाशीची राणी सोडाच, स्वतःच्या गावची मुलगी होण्याचीही संधी नाही. २०१९ च्या 'सुपर ३०'मध्ये बिहारमधील एका शिक्षकाच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटाची कातडी काळवंडवली गेली. सावळे नट या देशात इतके दुर्मिळ झाले आहेत, हे ऐकून बिहारी माणूसही चकित झाला असेल.

'मेरी कोम' चित्रपटाला महाराष्ट्रासह काही राज्यांनी करमणूक करात माफी दिली होती. वस्तू व सेवा कर आल्यापासून, म्हणजे २०१७ नंतर, तो कर राहिला नाही. पण चित्रपट 'करमुक्त' जाहीर करून राज्याच्या वाट्याचा कर सोडून देण्याची रीत चालूच आहे. प्रेरणादायी चरित्र म्हणून मंत्रिमहोदय माफी जाहीर करतात, छायाचित्र निघते आणि तिजोरीत यायचा पैसा येत नाही. त्या बदल्यात निर्मात्याकडून काय घेतले, याची विचारणा विधिमंडळात क्वचितच होते. ती करता येण्यासारखी आहे. ज्या प्रदेशाची, ज्या जमातीची कथा, तेथे भूमिकांसाठी खुली निवडचाचणी घेतली काय? गर्दीतल्या माणसाला किमान वेतन दिले काय, आणि ते कोणत्या दलालाच्या हातून? लेखनाच्या टप्प्यावर त्या समाजातील कोणी मानधनावर होते काय? गोरेगावच्या चित्रनगरीची जमीन राज्य सरकारची आहे, मराठी चित्रपटांचे अनुदानही सरकारच देते. करमाफीचा पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील आमदाराच्या हाती हे तीन प्रश्न लेखी द्यावेत, आणि उत्तरांबरोबर त्या चित्रपटातील शेवटच्या एक्स्ट्रापर्यंतच्या मजुरीचा तक्ताही मागावा.