टिकलेल्या आणि टिकवलेल्या वस्तू

‘पूर्वीच्या वस्तू दोन-दोन पिढ्या चालायच्या, हल्लीच्या वस्तू या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत,’ हे वाक्य बहुतेक घरांत वर्षातून चार वेळा तरी ऐकू येते. मिक्सर बंद पडला, छत्रीची काडी मोडली किंवा नव्या पिशवीचा बंद तुटला, की आजीच्या काळातील पितळी घागर आणि आजोबांचे चावीचे घड्याळ साक्षीला बोलावले जाते. या विधानाला सहसा कोणी विरोध करीत नाही, कारण वस्तूंच्या निमित्ताने त्यात वडीलधाऱ्यांच्या काळाचाही गौरव असतो. तथापि कोणताही हिशेब जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय पुरा होत नाही. वस्तूंचा दर्जा खरोखरच घसरला आहे काय, हे पाहण्यासाठी नगर जिल्ह्याला दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. या गावाने देशाला दिलेली ‘लुना’ त्यासाठी पुरेशी आहे.

नगरच्या फिरोदिया कुटुंबाचा परिचय या अंकाच्या वाचकांना करून देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव हस्तिमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनीअरिंग कंपनी उभी केली आणि १९७२ मध्ये ‘लुना’ बाजारात आणली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर बनवलेले हे ५० सीसीचे वाहन होते. त्याला गिअर नव्हता आणि सायकलसारखे पायडल होते. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्यातून ही गाडी देशभर गेली. परवान्यांच्या त्या युगात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. सायकल चालवणाऱ्याला स्कूटर परवडत नव्हती आणि परवडली तरी लवकर मिळत नव्हती. ही मधली जागा लुनाने भरून काढली. दुधाच्या किटल्या, कापडाचे गठ्ठे, भाजीच्या पाट्या, शाळेत जाणारी दोन मुले असा सारा संसार त्या छोट्या गाडीवरून चालला. पुढे पीयूष पांडे यांनी रचलेल्या ‘चल मेरी लुना’ या जाहिरातीने तिला घराघरांत पोहोचवले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे उत्पादन थांबले. पण जिल्ह्यात आजही एखाद्या वाड्याच्या पडवीत जपून ठेवलेली लुना दिसते आणि ‘अशी गाडी आता होणे नाही’ हा उद्गार सहज निघतो.

हा उद्गार आकड्यांवर घासून पाहू. १९७२ मध्ये लुनाची किंमत सुमारे २,००० रुपये होती. आज हा आकडा वाचून कोणीही हळहळेल. परंतु तिसऱ्या वेतन आयोगाने १९७३ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यासाठी सुचवलेले किमान वेतन दरमहा १८५ रुपये होते. म्हणजे त्या कर्मचाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन सर्व पगार साठवला असता, तरी त्याला एक लुना घेण्यास जवळपास अकरा महिने लागले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच उद्योग-कुटुंबाच्या पुढील पिढीने विजेवर चालणारी ‘ई-लुना’ आणली. तिची आरंभीची किंमत ६९,९९० रुपये होती. सातव्या वेतन आयोगाचे किमान वेतन १८,००० रुपये आहे. महागाई भत्ता बाजूला ठेवला, तरी हा हिशेब चार महिन्यांच्याही आत येतो.

दुसऱ्या मार्गानेही हेच दिसते. दरसाल ७.२ टक्के चक्रवाढीने रक्कम दहा वर्षांत दुप्पट होते. किमतींची वाढ या दराने धरली, तर १९७२ चे २,००० रुपये १९८२ मध्ये ४,०००, १९९२ मध्ये ८,०००, २००२ मध्ये १६,०००, २०१२ मध्ये ३२,००० आणि २०२२ मध्ये ६४,००० होतात. त्यात आणखी दोन वर्षांची भर घातली, की रक्कम ७३,००० रुपयांच्या पुढे जाते. म्हणजे ‘स्वस्ताईच्या काळातील’ ती गाडी वस्तुतः स्वस्त नव्हती. रुपये कमी होते. पण ते मिळवण्यासाठी लागणारे कष्ट अधिक होते.

जुन्या वस्तूंच्या दीर्घायुष्याचे पहिले रहस्य येथे सापडते. जी वस्तू घेण्यासाठी अकरा महिन्यांची कमाई लागते, ती कोणी पावसात उभी करून ठेवत नाही. लुनाच्या इंजिनात तेल मिसळलेले पेट्रोल जळत असे. त्यामुळे प्लगवर काजळी धरे आणि दर काही दिवसांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासावा लागे. सायलेन्सर उघडून कार्बन खरवडावा लागे. चढ आला की पायडल मारून इंजिनाला मदत करावी लागे. रात्री गाडीचा वेग मंदावला की दिव्याचा उजेडही मंदावे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा बराचसा भाग न जळताच धुरावाटे बाहेर पडे. आजच्या ग्राहकाने असे वाहन एक आठवडाही ठेवून घेतले नसते. तेव्हाच्या मालकाने मात्र ते वीस वर्षे चालवले. रविवारची सकाळ त्याने गाडीला दिली होती, पान्ह्यांची पेटी घरात होती आणि चौकातील मेकॅनिकच्या हाताशी प्रत्येक सुटा भाग होता. ती गाडी नुसती टिकली नाही, तर टिकवली गेली.

दुसरे रहस्य डोळ्यांना फसवणारे आहे. पडवीत उभी असलेली एक लुना दिसते. तिच्याबरोबरच कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणि केव्हाच भंगारात जाऊन वितळलेल्या असंख्य गाड्या कोणाला दिसत नाहीत. आजीची घागर उरली, म्हणून तिच्या काळातील सर्व भांडी उत्तम होती असे मानले जाते. गळकी, चेपलेली आणि कल्हई करूनही आमटी कळकवणारी भांडी मात्र मोडीत गेली. काळाच्या चाळणीतून जे उत्तम तेच खाली उरते आणि त्यावरून संपूर्ण काळाची परीक्षा केली जाते. सर्व खातेदारांतून केवळ नियमित फेड करणारेच निवडले, तर कोणत्याही काळातील कर्जवाटप निर्दोष ठरेल.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो काळ इतका चोख होता, तर ग्राहक चळवळ नेमकी त्याच काळात का उभी राहिली? बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ मध्ये केली. भेसळ, वजनमापातील खोट आणि साठेबाजी यांनी गांजलेल्या कुटुंबांना संघटित होण्याची गरज वाटली, म्हणून ती झाली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्यापूर्वी सदोष वस्तू घेतलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यावाचून फारसा मार्ग नव्हता आणि शंभर रुपयांच्या पंख्यासाठी ती पायरी कोण चढणार?

सराफ बाजाराची साक्षही अशीच आहे. जुने दागिने ‘बावनकशी’ म्हणून जपले जातात. पण ते मोडीत घातले, की डाकाचे वजन वजा होते आणि सोन्याचा कस अपेक्षेपेक्षा कमी भरतो, हा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला आहे. यात प्रत्येक वेळी लबाडी होती असे नाही. कस तपासण्याचे अचूक साधन सर्वांच्या हाती नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना सोन्यासाठी २००० मध्ये सुरू झाली, १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूणही बंधनकारक झाली. पूर्वी पेढीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे. तो शब्द अनेक पेढ्यांनी प्राणपणाने जपला, हे त्या व्यापाऱ्यांचे मोठेपण आहे. तथापि गावात नव्याने आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला आज तोच भरवसा ओळखीशिवाय मिळतो. ही दर्जातील घसरण नव्हे.

वाहनांच्या बाबतीतही तेच घडले आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा आवश्यक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे धुराचे कठोर निकष लागू झाले. वाहनांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक, म्हणजे संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’, नगरलाच आहे. १९७२ ची लुना आजच्या निकषांना उतरली नसती, यात तिचा अपमान नाही. आपल्या काळात तिने आपले काम चोख केले.

मग वडीलधाऱ्यांची तक्रार निराधार म्हणायची काय? तसे मुळीच नाही. ती चुकीच्या शब्दांत मांडली जाते, एवढेच. वस्तूचा दर्जा सामान्यतः वाढला. घटली ती वस्तूची दुरुस्त होण्याची क्षमता. आणि ही घट प्रत्येक वेळी आपोआप झालेली नाही. १९२४ च्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा करार केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले. त्याहून अधिक काळ जळणारे दिवे बनवणाऱ्या कारखान्यांना दंड होत असे. वस्तू लवकर संपली तर विक्री वाढते, हा विचार शंभर वर्षांचा आहे. आज तो वेगळ्या रूपात दिसतो. स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवलेले झाकण, बदलता न येणारी बॅटरी, एक लहान भाग बिघडला तरी संपूर्ण पाटीच बदलावी लागणारे यंत्र ही त्याची रूपे होत.

यात ग्राहकाचाही वाटा आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की खरेदीदाराला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दुकानात किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते. टिकाऊपणा कोठेही लिहिलेला नसतो. जे दिसते त्यावर घासाघीस होते. दोनशे रुपये कमी करून घेणारे गिऱ्हाईक ‘याचे सुटे भाग मिळतात का?’ असे क्वचितच विचारते. जे कोणी विचारत नाही, ते बनवण्याची तसदी कारखानदाराने का घ्यावी?

हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल, २,००० रुपयांचा मिक्सर चार वर्षे चालला तर तो दरसाल ५०० रुपयांना पडतो. ५,००० रुपयांचा मिक्सर पंधरा वर्षे चालला आणि मध्यंतरी दुरुस्तीला १,००० रुपये लागले, तर तो दरसाल ४०० रुपयांना पडतो. व्यापारी आपल्या यंत्रावर घसारा धरतो. तोच व्यापारी घरातील वस्तू घेताना घसारा विसरतो.

हप्त्याने घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे विस्मरण महागात पडते. कर्जाची मुदत मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्याहून कमी असावी, हा बँकिंगमधील जुना आणि शहाणा नियम आहे. आज मोबाइल, दूरदर्शन संच आणि फर्निचर सारे हप्त्यांवर मिळते. हप्ता संपण्याआधीच वस्तू बंद पडली, तर कुटुंब मोडक्या वस्तूचे व्याज भरत राहते आणि त्यावर नवा हप्ता सुरू करते. तरुण जोडप्यांच्या संसारात बचतीऐवजी ओढाताण दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरीकडे चौकातील मेकॅनिक, घड्याळजी आणि रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर यांचे दुकान बंद झाले, की त्यांचे कौशल्यही पुढच्या पिढीकडे जात नाही. नवी विजेची गाडी जुन्या लुनाहून स्वच्छ आणि सुलभ आहे. पण तिची बॅटरी रविवारी सकाळी अंगणात बसून घासता येत नाही. तिचे आयुष्य मालकाच्या हातांपेक्षा कंपनीच्या सेवाकेंद्रावर अधिक अवलंबून आहे.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. हा आरंभ स्वागतार्ह आहे. परंतु घरोघरच्या सवयीची जोड मिळाल्याशिवाय तो पुरा पडणार नाही. खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारण्याची ती सवय होय. हमी किती वर्षांची आहे? सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुरुस्ती नगरमध्ये होते की वस्तू पुण्या-मुंबईला पाठवावी लागते? बॅटरी स्वतंत्रपणे बदलता येते काय, आणि तिची किंमत किती? उत्तरे समाधानकारक नसतील, तर कमी किमतीचा मोह आवरलेला बरा. पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे, म्हणजे वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो.

वडिलांची लुना उत्तम होती, हे नातवंडांना जरूर सांगावे. त्याबरोबर तिचा प्लग कोण आणि किती वेळा साफ करीत असे, हेही सांगावे. एवढे कळले, तर जुन्या काळातील जपण्याजोगा भाग नव्या वस्तूंच्याही उपयोगी पडेल.