सर्व्हरचा सातबारा

शनिवारी कराडला घरी निवांत जेवायला बसलो, आणि मोबाइल वाजला. पुण्याच्या ऑफिसात नव्या पोरानं डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट केला होता आणि साइट आडवी झाली होती! पोरगा लागून जेमतेम महिना झालेला. साहेबांनी त्यालाच फैलावर घेतलं.

लॅपटॉप उघडला. मायएसक्यूएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्स कनेक्शन्स’ फक्त २०! फाइलवरची तारीख चार महिन्यांपूर्वीची. म्हणजे पोरगा लागायच्याही आधीची. आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी दोन विंडो उघड्या होत्या. टेस्ट सर्व्हर समजून लाइव्हवर आकडा बदलणारा महाभाग मीच! ती फाइल वाचली जाते डेटाबेस सुरू होताना. त्यामुळे चूक चार महिने गुपचूप झोपली होती.

शेजारी बाबा सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढून बसले होते. नावापुढच्या गोलातल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा फेरफार नंबर. नाव चढलं, उतरलं, की तलाठी नोंद करणार, संबंधितांना नोटीस जाणार, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार. जुनं नाव पुसायचं न्हाई; पूर्वी कंसात टाकायचे, आता त्यावर आडवी रेघ मारतात.’’

अरेच्चा! सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली, हे सांगतो गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. आमच्या सर्व्हरला नुसताच सातबारा होता. फेरफाराच्या नावानं ‘ओल्ड’, ‘बॅकअप’, ‘फायनल२’ अशा फाइलींची जत्रा.

खरं तर सोय केव्हाचीच आहे. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट आणलं. लिनक्समधल्या कॉन्फिग फाइली राहतात त्या ‘एटसी’ फोल्डरवर गिटची नजर ठेवायला ‘एटसीकीपर’ आहे. कुठली ओळ कधी बदलली, सगळं सापडतं. पण दोन पथ्यं पाळा. सगळ्यांनी ‘रूट’ म्हणून शिरू नका, नाहीतर नोंद कुणाच्या नावानं लागणार? आणि कारण लिहा. ते मशीनला कळत नाही. हो, आणि त्या फोल्डरमध्ये गुपितंही असतात, म्हणून हा इतिहास चव्हाट्यावर नको.

आकडा दुरुस्त केला, साइट उठली. मग साहेबांना फोन लावला, ‘‘सर, चूक माझी. त्याची नाही.’’ त्या पोरालाही सॉरी म्हटलं. सोमवारी एटसीकीपर बसवलं आणि त्या दुरुस्तीची नोंद स्वतःच्या नावानं, कारणासकट लिहिली.

जेवण मात्र गार झालं होतं. त्याचा फेरफार आईनं तोंडी केला!