गळक्या पाइपातून गटार आत येतं, त्याचं काय?

नळाची लाइन गळतेय म्हणून नगरपरिषदेत गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "मेन लाइनपासून पुढं तुमचं, तुम्ही बघा." प्लंबरला बोलावलं तर तो आधी छिन्नी-हातोडाच काढतो. म्हणून मित्रांनो, फोडाफोडीच्या आधी गळती कुठं आहे ते स्वतः शोधा. फार अवघड नाही.

ओल कधी वाढते ते बघा. फक्त पाणी सुटतं त्या दिवशी वाढत असेल तर संशय नळाच्या लाइनवर. कायमच ओल असेल तर गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा पाइप. कुणाची आंघोळ झाली की भिंत ओली होते? मग सांडपाण्याचा पाइप नाहीतर फरशीचे सांधे. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतली पातळी काठीनं मोजा. सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत मोजा. उतरली असेल तर गळती टाकीत किंवा टाकीच्या पुढं घरात. मीटर असेल तर पाणी चालू असताना घरातले सगळे कॉक बंद करा. तरी मीटर फिरतोय? मग मीटर आणि टाकीच्या मधे पाइप फुटलाय. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटर जातात.

पण वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. आपल्याकडं पाणी एक दिवसाआड येतं, तेही तासभर. बाकी वेळ पाइप रिकामा. आणि कित्येक घरांची कनेक्शनं गटारातूनच गेलीत. दाब संपला की ज्या भोकातून पाणी बाहेर येत होतं, त्याच भोकातून गटार आत जातं. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. पुढच्या पाळीला सुरुवातीला गढूळ पाणी येतं ते उगाच नाही. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड याच वाटेनं घरात शिरतात. आणि पाइप एकाचा फुटला तरी दवाखान्यात शेजारचाही जाऊ शकतो.

आमच्या गल्लीत तीन घरांचे पाइप एकाच गटारात आहेत. अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रस्ता खोदायची परवानगी तुमची, गटार तुमचं, मग त्यातून गेलेल्या पाइपाची जबाबदारी एकट्या नागरिकाची कशी? पाइपाचे पैसे घरमालकानं द्यावेत, त्यात दुमत नाही. पण शोधणं, खोदणं आणि पाइप गटाराबाहेर काढणं हे नगरपरिषदेचंच काम. पावसाळ्याआधी पाणी सुटायच्या वेळी कर्मचाऱ्यांनी गल्लोगल्ली फिरावं, यादी करावी आणि ती फलकावर लावावी. मोटारवाल्यांवर कारवाईही त्याच फेरीत होऊ द्या.

तुमच्या दारातला पाइप गटारातून जातोय का, आज बघा. जात असेल तर फोटो काढून लेखी अर्ज द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.