मितभाषी कॅव्हेंडिश
हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) हा इंग्रज शास्त्रज्ञ इतका भिडस्त होता, की मोलकरणींशी बोलायला नको म्हणून तो त्यांना चिठ्ठ्या लिहून ठेवी. यशासाठी चारचौघांत छाप पाडावीच लागते, असे मानणाऱ्यांनी त्याचे काम पाहावे. १७६६ मध्ये त्याने हायड्रोजन हा वेगळा वायू असल्याचे दाखवले. पण खरी कमाल १७९७-९८ मधली. तेव्हा त्याने पासष्टी ओलांडली होती. पृथ्वीची घनता मोजण्यासाठी त्याने तारेने दांडी टांगली. तिच्या टोकांवरच्या लहान गोळ्यांना शिशाचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोंचे, गुरुत्वाकर्षणाने किंचित ओढत. अंगाच्या उष्णतेने हवा हलली तरी मोजमाप बिघडे; म्हणून यंत्र बंद खोलीत आणि तो बाहेर, दुर्बिणीला डोळा लावून. उत्तर आले पाण्याच्या ५.४८ पट, आजचा आकडा सुमारे ५.५१ आहे. त्याच्या घुमेपणाची किंमत मात्र विज्ञानाने मोजली. कूलॉमच्या नावाने ओळखला जाणारा विद्युत-नियम कॅव्हेंडिशने आधीच प्रयोगाने पडताळला होता, पण तो कागदांतच राहिला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ते कागद छापले १८७९ मध्ये.